कुंपणावरचे अ‍ॅटिकाकर

आमच्या घराण्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ग्रुप आहेत. पहिल्याचं नाव 'आपलं घर', दुसऱ्याचं 'आपलं घर (खरं)'. गावाकडच्या वाड्याच्या वाटणीवरून थोरल्या आणि मधल्या काकांत बिनसलं, तेव्हा थोरल्यांच्या मुलानं मधल्यांना ग्रुपमधून काढलं आणि मधल्यांनी त्याच रात्री कंसातलं घर बांधलं. मी दोन्हीकडे आहे. सकाळी उठून दोन्हीकडे एकच सुप्रभात टाकतो, संकष्टीला दोन्हीकडे एकच गणपती पाठवतो, आणि वाड्याचा विषय निघाला की माझ्या मोबाइलची बॅटरी संपते. बरीच वर्षं हे सुरळीत चाललं होतं. गेल्या दिवाळीत एका चुलतभावानं फराळाचं ताट पुढे करत विचारलं, "तू नक्की कुणाच्या बाजूचा?" मी करंजीची तारीफ केली. करंजी कुणाच्या घरची होती, ते इथं लिहीत नाही.

पण प्रश्न डोक्यात राहिला. इतिहासात आपल्या जातकुळीचं कुणी सापडतं का, म्हणून मी शोधू लागलो आणि लक्षात आलं की इतिहासाला कुंपणावरच्या माणसांचं वावडं आहे. जिंकलेल्याचा पुतळा होतो, हरलेल्यावर नाटक होतं. जो दोघांकडे चहा पिऊन वेळेवर घरी गेला, त्याच्या वाट्याला तळटीपसुद्धा येत नाही. असा माणूस सापडायचा तर तो अशाच ठिकाणी सापडणार, जिथं भांडण इतकं लांबलं की कुंपणावर बसणं हाच एक जन्मभराचा उद्योग होऊन बसला. म्हणून मी रोमला गेलो. म्हणजे कपाटापर्यंत.

आपण सिव्हिल वॉरला 'यादवी' म्हणतो, पण रोमनांच्या बाबतीत तो शब्द तोकडा पडतो. प्रभासच्या किनाऱ्यावर यादव एकमेकांवर तुटून पडले ते मद्याच्या धुंदीत, एका दिवसात, हाताला लागलेलं गवत उपटून. रोमनांनी हे काम पूर्ण शुद्धीवर, अधूनमधून ठराव वगैरे पास करून, शंभर वर्षं केलं. इ.स.पू. 133 मध्ये टायबेरियस ग्रॅकसला सिनेटरांच्या जमावानं बाकांच्या मोडक्या तुकड्यांनी ठेचलं, तिथून सुरुवात झाली. मग मारियस आणि सुला, मग सीझर आणि पॉम्पी, मग अँटनी आणि ऑक्टेव्हियन. यात परकं कुणीच नाही. पॉम्पी हा सीझरचा जावई. ऑक्टेव्हियन हा अँटनीचा आधी सावत्र जावई, पुढे मेहुणा. लढाईच्या यादीतली नावं लग्नपत्रिकेवर छापली तरी चाललं असतं. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. फरक इतकाच की आपल्या भाऊबंदकीत वाडा पडतो, त्यांच्या भाऊबंदकीत प्रजासत्ताक पडलं.

या सगळ्या धामधुमीतून एक माणूस 77 वर्षं जगला. प्रत्येक पक्षातल्या प्रत्येक बड्या माणसाशी त्याची मैत्री होती, आणि तो अंथरुणात मेला. टायटस पॉम्पोनियस अ‍ॅटिकस. जन्म इ.स.पू. 110. अ‍ॅटिकस हे त्याचं मूळ नाव नव्हे. अथेन्सभोवतीचा मुलूख म्हणजे अ‍ॅटिका. तिथं वीसेक वर्षं राहिला म्हणून अ‍ॅटिकस. आपल्यात जन्मला असता तर सरळ अ‍ॅटिकाकर झाला असता, आणि मी तरी त्याला मनातल्या मनात तेच म्हणतो.

अथेन्सला तो का गेला, हे त्याचा मित्र आणि चरित्रकार कॉर्नेलियस नेपोस यानं सांगून ठेवलं आहे. इ.स.पू. 88 मध्ये सुलानं स्वतःच्याच शहरावर सैन्य नेलं आणि सुल्पिसियस नावाचा ट्रिब्यून, म्हणजे जनतेचा प्रतिनिधी, मारला गेला. हा सुल्पिसियस अ‍ॅटिकाकरांच्या सोयऱ्यातला. विशीतल्या तरुणाला सोयरीक किती महाग पडू शकते ते कळलं. अशा वेळी आपल्याकडे काशीयात्रेची आठवण होते. त्याला तत्त्वज्ञानाची झाली. बरीचशी मालमत्ता घेऊन तो अथेन्सला शिकायला गेला. निघण्याआधी त्यानं एक काम केलं. मारियसचा मुलगा त्याचा शाळूसोबती. त्याला सरकारनं शत्रू ठरवलं, तेव्हा पळून जायला यानं पैसे दिले. इथं त्याची सगळी रीत पहिल्यांदा दिसते. तलवार कुणासाठीच उचलायची नाही, आणि थैली मात्र प्रत्येकासाठी सैल ठेवायची. तीसुद्धा जो हरतो आहे त्याच्यासाठी आधी.

अथेन्समध्ये त्यानं शहराला कर्ज दिलं. व्याज बेताचं, पण मुदत म्हणजे मुदत. लोकांना धान्य वाटलं. ग्रीक असं बोलायचा की तिथलाच वाटावा. लोकांनी नागरिकत्व देऊ केलं, ते त्यानं नम्रपणे नाकारलं. तिथं सुला आला. हजारोंच्या माना उतरवणारा हा माणूस या तरुणाच्या बोलण्यावर इतका खूश झाला की, चल माझ्याबरोबर रोमला, म्हणाला. आता सुलाला नाही म्हणायचं कसं? अ‍ॅटिकाकरांनी जे उत्तर दिलं त्याचा आशय असा: तुमच्याविरुद्ध त्यांच्या बाजूनं शस्त्र धरावं लागू नये म्हणून तर मी इटली सोडली, आता त्यांच्याविरुद्ध मला नेऊ नका. सुलानं त्याची पाठ थोपटली आणि जाताना अथेन्समध्ये स्वतःला मिळालेले सगळे नजराणे त्याच्या घरी पोचवले. मी हे वाक्य तीनदा वाचलं. यात नकार आहे, पण ऐकणाऱ्याला तो आपला सन्मान वाटतो. असं एखादं वाक्य मला दिवाळीत सुचलं असतं, तर करंजीच्या आड लपावं लागलं नसतं.

मात्र एक भांडण असं होतं की जिथं अ‍ॅटिकाकरांचंही काही चालेना. बहिणीचं. त्याची बहीण पॉम्पोनिया त्याच्या जिवलग मित्राच्या, सिसेरोच्या, धाकट्या भावाला दिली होती. क्विंटस त्याचं नाव. हे लग्न म्हणजे रोमचं घरगुती संस्करण होतं. इ.स.पू. 51 च्या मे महिन्यात अ‍ॅटिकाकरांनी सिसेरोला पत्र लिहिलं, तेव्हा बहिणीविषयीची काळजी त्यांनी पत्राच्या अगदी शेवटी, आडव्या ओळीत लिहिली. मजकूर संपल्यावर कागद फिरवून उरलेल्या जागेत आपणही असंच लिहायचो, आंतरदेशीय पत्राच्या कडेला. मुख्य गोष्ट नेहमी तिथंच असायची.

सिसेरोनं त्या आडव्या ओळीला सविस्तर उत्तर दिलं. सगळे आर्कानम नावाच्या ठिकाणी जेवायला थांबले होते. क्विंटस अगदी गोडीनं म्हणाला, "पॉम्पोनिया, बायकांना तू बोलाव, पुरुषांना मी बोलावतो." यात वावगं ते काय? पण जेवणाची व्यवस्था बघायला त्यानं आपल्या स्टेटियस नावाच्या माणसाला पुढे पाठवलं होतं, आणि ते हिच्या मनात होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी इथं पाहुणीच आहे." क्विंटस भावाकडे वळून म्हणाला, पाहिलंस, रोजचं आहे हे. मग पंगत बसली, ती आली नाही. नवऱ्यानं आपल्या पानावरचं तिच्याकडे पाठवलं, ते परत आलं. सिसेरोनं हे सगळं लिहून निकालही देऊन टाकला: माझा भाऊ मऊ, तुझी बहीण कडक. दोन हजार वर्षांनी वाचताना मला मात्र स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हाती दिलेली ती बाई दिसते, आणि माझं मत पॉम्पोनियाकडे झुकतं. बघा, कुंपणावरून पाय खाली सोडायला मला रोमपर्यंत जावं लागलं.

आता या सिसेरोकडे वळलंच पाहिजे, कारण अ‍ॅटिकाकर कुंपणावर कसे बसले हे कळायला, कुंपणावर कसं बसू नये हे आधी पाहावं लागतं. सिसेरो त्या वेळचा सगळ्यात मोठा वक्ता. इ.स.पू. 51 मध्ये त्याला सिलिसिया प्रांताचा सुभेदार करून पाठवलं. तिथं या विद्वान माणसानं एक लहानशी मोहीम केली आणि पिंडेनिसस नावाचा डोंगरी किल्ला 57 दिवसांच्या वेढ्यानं घेतला. हे पिंडेनिससकर कोण, हे नाव मी कधी ऐकलंच नाही, असं तू म्हणशील, असं त्यानंच अ‍ॅटिकसला कळवलं. सिकंदराचा तळ जिथं पडला होता तिथं आपला तळ पडला, हेही कळवलं, आणि सिकंदर तुझ्यामाझ्यापेक्षा बरा सेनापती होता अशी कबुलीही दिली. इथवर माणूस शहाणा आहे. पण मग त्याला विजयाच्या मिरवणुकीची ओढ लागली. नियम असा की मिरवणूक मंजूर होईपर्यंत सेनापतीनं रोमच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही आणि अधिकाराची चिन्हं सोडायची नाहीत. चिन्हं म्हणजे काठ्यांच्या मोळ्या खांद्यावर घेतलेले दंडधारी, आणि विजय असेल तर त्या मोळ्यांवर लॉरेलची पानं. आपल्याकडच्या जुन्या लाल दिव्याच्या गाडीचा हा पूर्वज.

इ.स.पू. 50 च्या नोव्हेंबरात तो इटलीत उतरला आणि पुढच्याच जानेवारीत सीझरनं एक सैन्यदल घेऊन रुबिकॉन ओलांडली. पॉम्पी रोम सोडून दक्षिणेकडे पळाला. सगळा देश दोन तुकड्यांत फाटला आणि आपले सिसेरो महाराज मिरवणुकीच्या आशेवर, पानं गुंडाळलेले दंडधारी बरोबर घेऊन, समुद्रकाठच्या बंगल्यांत फिरत राहिले. लपावं तर भालदार-चोपदार बरोबर. मिरवावं तर बघायला कुणी नाही. लॉरेलची पानं किती दिवस हिरवी राहतात, मला माहीत नाही. आंब्याच्या तोरणाचं मात्र चौथ्या दिवशी काय होतं ते आपण सगळे जाणतो.

आणि मग सुरू झालं तळ्यात-मळ्यात. फॉर्मियाच्या बंगल्यातून तो अ‍ॅटिकसला जवळजवळ रोज पत्र लिहू लागला. पळायचं कुणापासून ते ठाऊक आहे, जायचं कुणामागे ते कळत नाही, अशा अर्थाचं त्याचं रडगाणं. पॉम्पीचे उपकार आहेत, पण पॉम्पीनं सगळा घोळ घातला आहे. सीझर हुकूमशहा होणार, पण सीझर बोलतो गोड. मार्चमध्ये तर या गृहस्थानं मन रमवायला वादविवादाचे विषयच काढले: हुकूमशाहीत मायदेशी राहावं का? देश धोक्यात येणार असेल तरी हुकूमशाही उलथावी का? मग एकदा ग्रीकमध्ये, एकदा लॅटिनमध्ये, एकदा अनुकूल, एकदा प्रतिकूल असं बंगल्यात एकट्यानंच बोलून बघितलं. दारात यादवी आणि आत शालेय वक्तृत्व स्पर्धा. स्पर्धक एक, परीक्षक तोच.

अ‍ॅटिकाकर तेव्हा साठीचे. वयाचं कारण पुढे करून त्यांनी रोम सोडलं नाही. जे मित्र पॉम्पीकडे निघाले त्यांना स्वतःच्या पैशानं वाटखर्ची दिली. पॉम्पीला राग आला नाही. सीझर जिंकल्यावर त्यानं धनिकांकडून पत्रं पाठवून पैसा मागितला, पण अ‍ॅटिकाकरांना त्रास दिला नाही. उलट त्यांच्या शब्दाखातर पॉम्पीच्या छावणीतल्या त्यांच्या भाच्याला माफ केलं. हे सगळं त्यांनी केलं कसं, याचं रहस्य त्यांच्या पत्रांत असणार, आणि ती पत्रं उरलेली नाहीत. सिसेरोची त्यांना लिहिलेली चारशेहून अधिक पत्रं आज आहेत. त्यांची उत्तरं गायब. अळीमिळी गुपचिळी.

तरी एका ठिकाणी पडदा जरा हलतो. मार्च 49 मध्ये, पॉम्पी समुद्र ओलांडून गेल्यावर, सिसेरोला वाटू लागलं की आपण चुकलो, तेव्हाच जायला हवं होतं. मग चूक नक्की कुणाची हे बघायला त्यानं अ‍ॅटिकसच्या पत्रांची जपून, मोहोर लावून ठेवलेली गुंडाळी उलगडली आणि अमुक तारखेला तू असं लिहिलंस, तमुक तारखेला तसं लिहिलंस, अशी वाक्यंच्या वाक्यं त्यालाच उलट पाठवली. अ‍ॅटिकाकरांचे जे थोडे शब्द आपल्यापर्यंत पोचले आहेत ते असे. सल्ल्याचा सूर एकच: घाई नको, थांब, बघू. सबुरीचा सल्ला देणाऱ्यानं तो लेखी देऊ नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही. मी तर हल्ली दोन्ही ग्रुपवर अंगठाच दाखवतो. अंगठा कुणी उलगडून वाचून दाखवू शकत नाही.

त्याच सुमारास सिसेरोनं अ‍ॅटिकसला सोलोनची आठवण करून दिली. अथेन्सचा हा जुना कायदेकर्ता. त्याचा एक चमत्कारिक कायदा होता: शहरात दुफळी माजली असताना जो कुठल्याच बाजूला उभा राहणार नाही त्याचा नागरिक म्हणून हक्क जाईल. सोलोन तर तुझ्याच गावचा, आणि मी त्याचा कायदा मोडतो आहे, असं सिसेरो म्हणाला. टोमणा कुणाला होता हे उघड आहे. ज्या गावचं नाव लावून अ‍ॅटिकाकर मिरवले, त्याच गावच्या कायद्यानं ते गुन्हेगार ठरत होते. यावर त्यांनी काय उत्तर दिलं असेल? 'घाई नको' असंच, बहुतेक.

अखेर जूनमध्ये सिसेरो पॉम्पीकडे गेला, आणि तिथं गेल्यावर त्याला कळलं की आपण चुकीच्या तळ्यात उडी मारली. मग तो छावणीत तोंड पाडून फिरायचा आणि टोमणे मारायचा. उशिरा आलास, असं कुणी म्हणालं, तर म्हणे, उशीर कसला, इथं अजून काहीच तयार दिसत नाही. पॉम्पीनं खवचटपणे विचारलं, "तुमचे जावई कुठे आहेत?" सिसेरोची मुलगी टुलिया सीझरच्या गोटातल्या डोलाबेलाला दिलेली होती. सिसेरो म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांकडे." लढाई हरल्यावर कुणी धीर दिला की अजून आपले सात गरुड शिल्लक आहेत, म्हणजे सैन्याची निशाणं, तर हा म्हणाला, कावळ्यांशी लढाई असती तर पुरले असते. अशा माणसाला कुठल्याच पक्षात बढती मिळत नाही. परतून इटलीत, ब्रुंडिसियमला, आला तेव्हा दंडधारी अजून बरोबर होते. तिथं तो जवळजवळ वर्षभर सीझरच्या माफीची वाट बघत बसला. मिरवणूक राहिली ती राहिलीच.

पुढच्या भागात विनोद थोडा कमी आहे.

इ.स.पू. 44 च्या 15 मार्चला सीझरचा खून झाला. खून करणाऱ्यांतला ब्रूटस हा अ‍ॅटिकाकरांचा जिव्हाळ्याचा मित्र. त्याच्या गटासाठी धनिकांनी निधी उभारावा आणि अ‍ॅटिकाकरांनी त्यात पुढे व्हावं, अशी विनंती आली. त्यांनी निधीला साफ नकार दिला. ब्रूटसला माझा पैसा हवा तेवढा वापरू दे, म्हणाले, पण मी कुठल्या गटात बसणार नाही. काही महिन्यांत वारं फिरलं आणि ब्रूटसला इटली सोडावी लागली. तेव्हा त्यांनी आपणहून एक लाख सेस्टर्स पाठवले, पुढे एपिरसमध्ये आणखी तीन लाख. पुढच्या वर्षी वारं पुन्हा फिरलं. आता अँटनी देशाचा शत्रू ठरला. त्याची बायको फुल्व्हिया रोममध्ये एकटी, अंगावर खटले, एका जमिनीच्या खरेदीचा हप्ता तोंडावर, आणि उसने द्यायला कुणी तयार नाही. अ‍ॅटिकाकर तिच्यासाठी जामीन राहिले, कोर्टात तिच्याबरोबर गेले, आणि बिनव्याजी, बिनकागदी पैसे दिले. अँटनी संपला अशी सगळ्या रोमची खात्री होती तेव्हा. लोक त्यांना नावं ठेवत होते. आणि अँटनीला रोज उठून शिव्या देणारी व्याख्यानं त्यांचा जिवलग सिसेरोच देत होता.

पण अँटनी संपला नव्हता. नोव्हेंबर 43 मध्ये अँटनी, लेपिडस आणि ऑक्टेव्हियन बोलोन्याजवळच्या नदीतल्या एका बेटावर भेटले आणि त्यांनी मारायच्या माणसांची यादी केली. सुमारे 300 सिनेटर आणि 2000 धनिक, असं इतिहासकार अ‍ॅपियन लिहितो. देवघेवीचा सौदा होता. अँटनीनं आपला मामा दिला, लेपिडसनं सख्खा भाऊ दिला, ऑक्टेव्हियननं सिसेरो दिला. मामा वाचला, कारण मारेकरी घरात शिरले तेव्हा अँटनीची आई हात पसरून दारात उभी राहिली आणि, तुमच्या सेनापतीला मी जन्म दिला आहे, आधी मला मारा, म्हणाली. सिसेरोसाठी दारात उभं राहणारं कुणी नव्हतं. 7 डिसेंबरला फॉर्मियाजवळ, ज्या बंगल्यात त्यानं एकट्यानं वादविवाद केले होते त्याच परिसरात, मारेकऱ्यांनी त्याला पालखीत गाठलं. मुंडकं आणि हात रोमला आणून, जिथून तो भाषणं द्यायचा त्या व्यासपीठावर लावले.

अ‍ॅटिकाकर तेव्हा एका मित्राकडे लपले होते. सिसेरोचे मित्र म्हणून त्यांचंही नाव जाणार हे उघड होतं. तेवढ्यात अँटनीची स्वतःच्या हातची चिठ्ठी आली: घाबरू नका, या, तुमचं नाव मी खोडलं आहे. तुमच्याबरोबर लपलेल्या मित्राचंही खोडलं आहे. रात्रीची वेळ, वाटेत धोका नको, म्हणून सोबत पहारेकरी पाठवले होते. फुल्व्हियाचा हप्ता असा फिटला.

ती चिठ्ठी हातात धरून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याचं मला काही करता येत नाही. एकाच शाईनं एक नाव खोडलं होतं आणि दुसरं ठेवलं होतं. त्यानंतर त्यांना काय वाटलं, याबद्दल नेपोस एक अक्षर लिहीत नाही. हा चरित्रकार त्यांच्या घरचा महिन्याचा खर्च आकड्यात सांगतो, जेवताना काहीतरी वाचून दाखवायला माणूस असायचाच हे सांगतो, आईच्या अंत्यविधीला, आपलं आणि तिचं कधी भांडण झालं नाही, की बहिणीचं झालं नाही, असं ते म्हणाले हेही सांगतो. बहीण म्हणजे पॉम्पोनिया! तिच्याशीही ज्याचं पटलं त्याचं अँटनीशी पटणारच. पण सिसेरोच्या बाबतीत अ‍ॅटिकाकरांनी ताकास तूर लागू दिलेला नाही.

मी त्यांना पळपुटा म्हणायला तयार नाही. अँटनी हरत असताना त्याच्या बायकोला जामीन राहायला जी छाती लागते ती फुल्व्हियाला शिव्या देणाऱ्यांत नव्हती. कुंपणावर बसणं स्वस्त असतं अशी माझी समजूत होती. अ‍ॅटिकाकरांचा हिशेब पाहिल्यावर ती गेली. सगळा जन्म आणि लाखो सेस्टर्स त्यात गेले. पण एक गोष्ट मी त्यांच्या नावावर जमा धरतो, आणि ती पैशातली नाही. सिसेरोची पत्रं त्यांनी जपली. त्यात काय नव्हतं? सीझरची निंदा, पॉम्पीची थट्टा, अँटनीबद्दल तर बोलायलाच नको. ज्या काळात याद्या निघत होत्या त्या काळात असा कागद घरात ठेवणं म्हणजे धान्याच्या कणगीत निखारा ठेवण्यासारखं. स्वतःचा एक कागद मागे न ठेवणाऱ्या माणसानं मित्राची सगळी बडबड, तळ्यात-मळ्यात, लॉरेलच्या पानांसकट सांभाळली. नेपोसनं ती पत्रं पाहिली होती. पुढे 1345 मध्ये कवी पेट्रार्कला ती व्हेरोनात सापडली, आणि इतका मोठा माणूस इतका डळमळीत होता हे वाचून तो असा हिरमुसला की त्यानं जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच रागाचं पत्र लिहिलं. अ‍ॅटिकसवर रागवायला त्याच्या हाती काही पुरावाच नव्हता.

शेवटची वर्षं त्यांची फार सुखात गेली. एकुलत्या एक मुलीला ऑक्टेव्हियनचा उजवा हात, अग्रिपा, हा नवरा मिळाला. स्थळ कुणी जमवलं, तर अँटनीनं. नात जेमतेम वर्षाची असताना तिची सोयरीक टायबेरियसशी ठरली, जो पुढे सम्राट झाला. ऑक्टेव्हियन जवळजवळ रोज चिठ्ठी पाठवायचा: जुन्या काळची अमुक गोष्ट काय होती, तमुक कवितेचा अर्थ काय. अँटनी दूर पूर्वेकडून आपण काय करतो आहोत ते कळवायचा. दोघांना सगळं जग एकट्याला हवं होतं, आणि दोघांची पत्रं एकाच घरी येत होती. दोन ग्रुप, एकच मोबाइल.

इ.स.पू. 32 उजाडलं. दोन्ही कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, रोम सोडून अँटनीकडे निघून गेले. आता लढाई होणार होती आणि या खेपेला कुंपणच उपटलं जाणार होतं. अ‍ॅटिकाकर तीन महिने आजारी होते. दुखणं बळावलं तेव्हा त्यांनी जावयाला आणि दोन मित्रांना बोलावलं, कोपरावर रेलून शांतपणे सांगितलं की आजपासून मी अन्न घेणार नाही, आणि मन वळवायच्या फंदात पडू नका. अग्रिपा रडला, त्यानं विनवण्या केल्या. दोन दिवस उपास झाल्यावर ताप उतरला, बरं वाटू लागलं. तरी प्रायोपवेशन मोडलं नाही. या एका बाबतीत मात्र त्यांनी बाजू घेतली ती सोडली नाही. 31 मार्चला ते गेले. अ‍ॅक्टियमची लढाई पुढच्या वर्षी 2 सप्टेंबरला झाली. ती त्यांना पाहावी लागली नाही.

त्यांना एक मामा होते, क्विंटस सिसिलियस. गडगंज श्रीमंत आणि इतके तिरसट की रोममध्ये त्यांच्याशी कुणाचंच पटत नसे. भाच्याचं शेवटपर्यंत पटलं, आणि मामांनी मृत्युपत्रात त्याला दत्तक घेऊन एक कोटी सेस्टर्सच्या आसपास मागे ठेवले. मामांनी आयुष्यभर वारस म्हणून नाव भलत्याच माणसाचं सांगितलं होतं, त्यामुळे लोक इतके चिडले की त्यांनी मामांचं प्रेत गळ्याला दोरी बांधून रस्त्यातून ओढलं, असं व्हॅलेरियस मॅक्सिमस सांगतो. अ‍ॅटिकाकरांची अंत्ययात्रा त्यांच्याच सांगण्यावरून साधीच निघाली. अपिया मार्गावर, रोमपासून पाचव्या मैलाच्या दगडाशी, त्यांना मामांच्याच थडग्यात ठेवलं.